जुहूचा इतिहास पायी चालून कसा पाहावा

जुहूला जाणारा बहुतेक प्रत्येक जण थेट चौपाटीवर उतरतो, भेळ खातो, सूर्यास्त पाहतो आणि परततो. त्या भेटीत आनंद जरूर आहे, परंतु हे उपनगर असे का घडले याचा उलगडा तिथे होत नाही. त्यासाठी जुहूमध्ये पूर्वेकडून, म्हणजे सांताक्रूझच्या बाजूने, पायी शिरावे. जुहू ही मुळात साष्टी बेटाच्या, म्हणजे आज मुंबईची उपनगरे ज्यावर वसली आहेत त्या बेटाच्या, पश्चिमेची वाळूची एक लांबट पट्टी होती. साष्टी आणि ही पट्टी यांच्यामध्ये भरतीचे पाणी शिरणारे खाजण होते आणि ओहोटीच्या वेळी ते चालत ओलांडता येत असे. आजच्या जुहूची बहुतेक वैशिष्ट्ये समुद्रापेक्षा या खाजणाने ठरवली आहेत, असे माझे मत आहे.

दिवस निवडताना वाराऐवजी तिथी पाहावी. कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन होतात, म्हणून भरती तीनच्या सुमारास येते आणि पूर्ण ओहोटी सकाळी नऊच्या आसपास असते. चतुर्थी किंवा पंचमी, मग पक्ष कोणताही असो, या फेरीस सोयीची आहे, कारण पुळण सकाळी उघडी मिळते आणि उन्हाचा ताप वाढण्याच्या आत किनाऱ्यावरचे चालणे उरकते. हा अंदाज अधिकृत भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी अवश्य ताडून पाहावा. पावसाळ्यात मात्र किनाऱ्यावरचा भाग वगळावा. त्या महिन्यांतला जुहूचा समुद्र धोकादायक असतो.

सकाळी आठच्या सुमारास सांताक्रूझ स्थानकाच्या पश्चिमेस उतरून जुहू रोडने चालू लागावे. जमीन किती सपाट आणि सखल आहे, याकडे या टप्प्यात लक्ष द्यावे. एरवी ज्या नाल्याकडे आपण नाक दाबून पाहतो, तो वाटेत लागला की थोडे थांबावे, कारण खाजणाचे पाणी समुद्राला मिळण्याच्या जुन्या वाटांची खूण आज अशा नाल्यांतच उरली आहे. रस्त्याच्या उत्तरेला जुहू विमानतळाची मोकळी जागा आहे. आत प्रवेश नसतो आणि सुरक्षेच्या कारणास्तव छायाचित्रेही काढू नयेत, परंतु दाट वस्तीच्या या महानगरात एवढे रिकामे आकाश कुठून आले, हा प्रश्न बाहेर उभे राहूनही पडतो.

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी येथे वेळ द्यावा. १९२८ साली सुरू झालेले हे देशातील पहिले नागरी विमानतळ होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, 'पस मॉथ' जातीचे लहानसे विमान स्वतः चालवत येथे उतरले. तेथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले आणि पुढे 'एअर इंडिया' झालेल्या सेवेचा आरंभ झाला. धावपट्टी म्हणजे वाळलेल्या चिखलाचे मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून त्या काळात टाटांची विमाने पुण्याहून ये-जा करत. जे खाजण शेतीला आणि घरांना नकोसे होते, तेच सपाट आणि मोकळे असल्यामुळे विमानांना उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचे मोठे विमानतळ झाले, प्रवासी वाहतूक तिकडे गेली आणि जुहूला प्रामुख्याने हेलिकॉप्टरे व उड्डाण प्रशिक्षण उरले. तरीही विमानतळ असल्यामुळे भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. त्यात समुद्रकाठच्या बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेची भर पडली. जुहूच्या अनेक भागांत अजूनही झाडांच्या वर आभाळ दिसते, त्यामागे रहिवाशांची आवड असेलही, पण हे नियम नक्की आहेत.

तेथून जुहू तारा रोडवर आल्यावर आधी दक्षिणेला, जुहू कोळीवाड्याकडे वळावे. विमाने आणि बंगले येण्याच्या कितीतरी आधीपासून या पट्टीवर कोळ्यांच्या होड्या आणि भंडाऱ्यांचे माड होते. मासळी व ताडी हीच येथील उपजीविका होती. हा कोणाच्या तरी घरासमोरचा अंगणाचा भाग आहे, हे भान ठेवून गल्ल्यांतून हिंडावे, सुकत घातलेल्या मासळीला हात लावू नये आणि विचारल्याखेरीज छायाचित्र घेऊ नये. मराठीत दोन शब्द आपुलकीने बोलल्यास वयस्कर माणसे पाणी कुठवर येत असे, ते हाताने दाखवतात. अशी माहिती कोणत्याही नकाशापेक्षा मोलाची असते.

कोळीवाड्यापासून ओल्या, घट्ट वाळूवरून उत्तरेला चालावे. डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला हॉटेले व बंगल्यांच्या भिंती राहतील. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात येथे जमीन घेऊन समुद्रकाठच्या वसाहतीची मोठी योजना आखली होती, परंतु १९०४ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती बारगळली. त्यानंतर बरीच वर्षे जुहू धनिकांच्या हवापालटाची जागा राहिले. पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर १९२४ मध्ये गांधीजी विश्रांतीसाठी शेठ नरोत्तम मोरारजी यांच्या येथील बंगल्यात राहिले. कायदेमंडळात जावे की न जावे, या वादावर मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी त्यांची चर्चा याच काळात जुहूला झाली. आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर मे १९४४ मध्येही ते जुहूलाच आले. शहराजवळ असूनही शहराच्या गजबजाटापासून दूर, हा जुहूचा गुण खाजणामुळेच टिकला होता.

चौपाटी लागली की किनारा सोडून आत वळावे. हरे कृष्ण मंदिर आणि जुहू चर्च रोड थोडक्यात पाहून जानकी कुटीरकडे जावे. तिथले पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाले ते गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. जेमतेम दोनशे आसनांच्या या रंगमंचावर प्रेक्षक नटाच्या श्वासाइतका जवळ बसतो, म्हणून शक्य असल्यास संध्याकाळच्या प्रयोगाचे तिकीट आधीच काढून ठेवावे. जुहू-विलेपार्ले विकास योजनेतील क्रमांकांचे रस्ते परतताना पाहता येतील. तेथील गृहनिर्माण संस्थांच्या पाट्या वाचल्या, की बंगल्यांच्या जुहूत मध्यमवर्ग कसा वसला ते दिसते. चित्रपट कलावंतांची घरेही याच परिसरात आहेत, परंतु त्यांच्या फाटकांसमोरच्या गर्दीत वेळ दवडू नये.

घरी आल्यावर वाचन करायचे असेल, तर जुन्या मुंबईच्या ग्रंथांत जुहू शोधत बसू नये. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा होईपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातील साष्टीत मोडत असे, म्हणून १८८२ चे ठाणे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, उघडावे आणि त्यात साष्टीच्या गावांपासून सुरुवात करावी.