बॅटरीशिवाय एलईडी पेटवा: चुंबक, तार आणि फॅरेडेचा नियम

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १७ ऑक्टोबर १८३१ रोजी तारेच्या गुंडाळीत चुंबक खुपसला आणि गॅल्व्हानोमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा हलला. चुंबक आत नुसता ठेवला, तर काटा शून्यावरच राहतो. वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलत असताना, हाच फॅरेडेचा नियम. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ३६ नंबरची वाइंडिंग वायर घ्या. ५० ग्रॅम पुरते. २० मिमीच्या पीव्हीसी वायरिंग पाइपवर दोन सेंटिमीटर जागेत निदान हजार वेढे घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण वेढ्यांत काटकसर नको: प्रत्येक वेढ्याचा व्होल्टेज पुढच्यात मिळवला जातो. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासा. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो इथेच, कारण तारेवरचं वीजरोधक वार्निश राहिलं की जोड लागत नाही.

आता दोन लाल एलईडी उलटसुलट जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला आणि आखूड पाय लांब पायाला. हे दोन जोड गुंडाळीच्या दोन टोकांना लावा.

१२ मिमी व्यासाचे निओडिमियम चुंबक एकावर एक रचून दोन-तीन सेंटिमीटरची कांडी करा. एकटी चकती पाइपात कोलांट्या खाते, कांडी सरळ जाते. (हे चुंबक लहान मुलांपासून आणि पेसमेकर असलेल्यांपासून दूर ठेवा, गिळले गेले तर जिवावर बेततं.) कांडी आत टाकून पाइपाची तोंडं कापसाने बंद करा आणि अंधारात जोराने हलवा. चुंबक गुंडाळीत शिरताना एक दिवा चमकतो, बाहेर पडताना दुसरा. क्षेत्र वाढताना आणि कमी होताना प्रवाहाची दिशा उलटते, ती अशी दिसते. हळू हलवलं तर काहीच पेटत नाही, कारण लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात आणि व्होल्टेज हा क्षेत्र किती वेगाने बदलतं त्यावर ठरतो.

गुंडाळीत बॅटरी नाही, मग इलेक्ट्रॉनांना ढकलतं कोण? बदलत्या चुंबकीय क्षेत्राभोवती विद्युतक्षेत्र वर्तुळाकार फिरतं, तार नसली तरी. तार इलेक्ट्रॉनांना फक्त वाट देते.

याची खात्री करायची तर एसी दुरुस्तीवाल्यांकडून पाच सुती (५/८ इंची) तांब्याच्या नळीचे फूटभराचे दोन तुकडे आणा. एकाला उभी, आरपार फट पाडा. तीच कांडी दोन्हींतून सोडा. मोकळी पडली तर फूटभर अंतराला पाव सेकंद लागतो. अखंड नळीत ती रेंगाळत उतरते, कारण नळीच्या भिंतीत फिरणारा प्रवाह तिला अडवतो. हाच लेंझचा नियम. फटीच्या नळीतून ती बरीच लवकर बाहेर येते. विद्युतक्षेत्र दोन्हीकडे आहे. दुसरीत मात्र नळीभोवतीची वाट फटीपाशी तुटलेली आहे.