रोजा ठेवून सराव करताय? मग या चुका टाळा

मी परभणीत पोरांना धावायला शिकवतो. बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करणारे, काही शालेय स्पर्धांत पळणारे. त्यातले बरेच रोजा ठेवतात, मीही सातवीपासून ठेवतो. दर रमजानच्या पहिल्या आठवड्यात तेच घडतं. कोणाला चक्कर येते, कोणाच्या पोटरीत गोळा येतो, कोणी इफ्तारनंतर मैदानाच्या कडेला ओकत बसतो. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "सर, रोजा आहे ना, म्हणून."

मला हे पटत नाही. फेब्रुवारी 1995 मध्ये हकीम ओलाजुवान रोजे ठेवून एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत, बास्केटबॉल खेळला आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्या पोरांचा खेळ बिघडतो तो मगरिब ते सहरी, म्हणजे सूर्यास्ताची नमाज ते पहाटेचं जेवण, या दहा-अकरा तासांत. दोष मात्र दिवसभराच्या उपाशी पोटाला दिला जातो.

सहरी झाली की लगेच जोराचा सराव

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती शहाणपणासारखी दिसते. पोटात ताजं अन्न आहे, हवा गार आहे, तर आत्ताच सगळं उरकून घेऊ, असं प्रत्येक नव्या पोराला वाटतं. पण सकाळी सहाला गाळलेला घाम भरून काढायला संध्याकाळ व्हावी लागते. जोरात पळल्यावर स्नायूंतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजन, रिकामा होतो. त्यांची झीज भरायला प्रथिनं लागतात, रक्ताला पाणी लागतं. यातलं काहीच तेरा तास मिळणार नसतं.

मे 2018 मध्ये रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. रोजा साडेचौदा तासांच्या आसपास, पारा चाळिशीच्या वर. माझ्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, वडिलांबरोबर हमाली करणारा, पायात उपजत वेग असलेला. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज पढून तो थेट मैदानावर आला आणि म्हणाला, "सर, आज आठ वेळा चारशे मीटर मारतो, अंगात दम आहे." मी हो म्हणालो. स्टॉपवॉच माझ्याच हातात होतं. आठही फेऱ्या त्यानं सुंदर मारल्या. सरावाआधी वजन 60 किलो होतं, नंतर साडेअठ्ठावन्न भरलं. दीड किलो, म्हणजे जवळपास दीड लिटर पाणी अंगातून गेलं होतं. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की दमसास उतरतो हे मला पाठ होतं, आणि याचं अडीच टक्के गेलं होतं. तरी मी त्याला शाबासकी देऊन घरी पाठवलं. घरी तो गेलाच नाही, मोंढ्यात गेला. दुपारी पोतं उचलताना कोसळला.

दवाखान्यात सलाईन लागली. शुद्धीवर आल्यावर तो रडत होता. डोक्याला टाके पडले होते, त्याचं त्याला काही नव्हतं. "सर, रोजा गेला," एवढंच म्हणत राहिला. त्याचे वडील माझ्याकडे बघत होते आणि काही बोलत नव्हते. ती नजर मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे रमजानमध्ये सकाळचं मैदान बंद. सहरी खा, फजर पढा, झोपा. जोराचा सराव आठवड्यातून दोनच दिवस, तोही तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, झाल्यावर, रात्री दहाला दिव्यांच्या उजेडात. इफ्तार होऊन तोवर तीन तास गेलेले असतात, आणि पळून आल्यावर प्यायला पाणी, खायला अंडी-दूध समोर असतं. बाकीचे दिवस इफ्तारच्या पाऊण तास आधी यायचं, अर्धा तास सावकाश धावायचं किंवा अंग ताणायचं आणि घरी जायचं. बोलता बोलता धावता आलं पाहिजे. धाप लागली तर चाला. त्या अर्ध्या तासाची भरपाई लगेच होते, कारण अजान जवळ असते.

भरतीत 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारले की पूर्ण 20 गुण मिळतात, म्हणून रोज घड्याळाशी झुंजायची पोरांना घाई असते. रमजान हा वेळ कमी करायचा महिना नाही, कमावलेला दम टिकवायचा महिना आहे. दोन कसदार सरावांवर तो टिकतो, हे मी दरवर्षी बघतो.

इफ्तारला भजी, समोसा, सरबत, आणि लगेच मैदान

दस्तरखानवर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, काय असतं हे मला सांगायला नको. माझ्याही घरी कांदाभजी होतात आणि दोन-चार मीही खातो. पण तेरा तास रिकाम्या असलेल्या पोटात आधी तळण पडलं की ते तासन् तास तिथंच बसतं. वर तीन पेले गोड सरबत. पोट तुडुंब भरतं आणि स्नायूंना लागतं ते पोटात जातच नाही. मग तो मुलगा रात्री जेवत नाही, सहरीलाही भूक नसते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणतो, अंगात त्राण नाही.

माझी पद्धत साधी आहे. दोन-तीन खजूर, दोन पेले पाणी, थोडं कलिंगड किंवा केळं. मग मगरिबची नमाज. त्या दहा-पंधरा मिनिटांत पोट जागं होतं. नमाजनंतर खरं जेवण: भाकरी किंवा पोळी, भरपूर वरण, अंडी, चिकन नाहीतर मासे. भजी यानंतर, आणि तोंडी लावण्यापुरती. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. साठ किलोच्या पोराला 90 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, तेव्हा हिशेब इफ्तार, सराव आणि सहरी अशा तीन वेळांत वाटावा लागतो. पावडरचा डबा कुठला घेऊ, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी विचारला जातो. आधी घरचं वरण दोन वाट्या खा, मग डब्याचं बोलू.

सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत दोन लिटर पाणी ढोसणं

हे पाणी दोन तासांत लघवीवाटे निघून जातं. उंटासारखं साठवता येत नाही. इफ्तारपासून सहरीपर्यंत अडीच-तीन लिटर पाणी, तासाला एक-दोन पेले असं जायला हवं. मी पोरांना एक लिटरची बाटली जवळ ठेवायला लावतो आणि झोपण्याआधी दोन रिकाम्या झालेल्या बघतो. जोराचा सराव झाला असेल त्या रात्री एक बाटली ओआरएसची. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान चहाचा. मीठ घातलेलं ताकही चांगलं. सकाळच्या पहिल्या लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर रात्री पाणी कमी पडलं.

सहरी बुडवणं. दोन खजूर खाऊन झोपणाऱ्याला मी मैदानावर घेत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, दोन अंडी, दही, एक केळं, मूठभर शेंगदाणे, एवढं पोटात हवंच.

सहरीला तीन कप चहा. नको. एक पुरे.

एनर्जी ड्रिंक पिऊन रात्री पळणं. मुळीच नको. झोप उडते, आणि रमजानमध्ये झोपच आधी तुटलेली असते. तरावीहनंतर बाजारात एकपर्यंत गप्पा मारणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, की तुमचा वेळ पायांत नाही, त्या हॉटेलच्या बाकड्यावर अडकलाय. रात्री साडेअकराच्या आत अंथरूण, फजरनंतर दीड तास झोप, जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर, अर्धा तास डुलकी. तुकड्यातुकड्यानं झोप भरली तरी शरीर ती घेतं.

रमजानमध्ये वजन उतरवायचं ठरवणं. कुस्तीच्या पोरांना हा मोह फार. उपाशी पोटी घाम काढून उतरलेलं वजन हे पाणी असतं, आणि त्याबरोबर ताकदही जाते.

मुलींच्या बाबतीत

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तो नंतर भरून काढायचा असतो. पण घरात भाऊ-वडील आहेत, मैदानावर मुलं आहेत, म्हणून मुली त्या दिवसांतही दिवसभर काही खात-पीत नाहीत. सहरीलाही कधी उठत नाहीत. म्हणजे रोज्याचं पुण्यही नाही आणि अंगात अन्नही नाही, वर रक्त जातंय. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचं हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा आठ निघालं. आता माझी पत्नी मैदानावर येते. मुली तिला सांगतात, ती त्यांना आमच्या घरी आणून जेवू घालते. मुलींना शिकवणाऱ्या प्रत्येकानं अशी एक खोली आणि एक बाई शोधून ठेवावी.

प्रवासात आणि आजारपणातही हट्टानं रोजा ठेवणं

आजारी आणि प्रवासी माणसानं रोजा पुढे भरून काढावा, ही सवलत कुराणातच आहे. जुलै 2012 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा फलंदाज हाशिम आमला यानं लंडनच्या ओव्हल मैदानावर कसोटीत नाबाद 311 धावा केल्या तेव्हा रमजान चालू होता. दौऱ्यावर असल्यामुळे त्यानं ते रोजे घरी परतल्यावर ठेवायचं ठरवलं होतं. तुमची स्पर्धा परगावी असेल तर हा निर्णय आदल्या रात्री घाबरून घेऊ नका. पंधरा दिवस आधी आपल्या मौलानांशी बोला, घरी बोला, प्रशिक्षकाला सांगा. प्रशिक्षकांनाही विनंती आहे, "रोजा सोड, मग ये" असं पोराला म्हणू नका. तो रोजा सोडणार नाही, तुम्हाला सांगणं सोडेल. आणि न सांगता पळणारा पोरगा जास्त धोक्यात असतो. चक्कर, थंडी वाजणं, घाम थांबणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर मात्र सावलीत न्या, अंग ओलं करा, नीट शुद्धीत असेल तर पाणी द्या आणि दवाखाना गाठा. जीव वाचवण्यासाठी रोजा तोडायला दीनची, म्हणजे धर्माची, मनाई नाही.

ईदनंतर महिनाभराची कसर एका आठवड्यात भरायला जाणारे दरवर्षी दोन-तीन जण नडगी धरून बसतात. ईदचे दोन दिवस शीरखुर्मा खा, पाहुणे करा. तिसऱ्या दिवशी सकाळी मैदान उघडतं, आणि पहिला आठवडा मी स्टॉपवॉच घरीच ठेवतो.