रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर तपासणीला जाताना

आधार कार्ड, पैसे, पाण्याची बाटली हे सांगायला नको. जुन्या रिपोर्टांची फाईल घ्या. पण त्याआधी गोळीची पट्टी पिशवीत टाका आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहा. मागच्या खेपेला आमचं हेच राहिलं आणि आईला घेऊन खानापूरहून बेळगावला केलेली फेरी फुकट गेली.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम असेल तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी करतात. त्या गोळीचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे रक्त सकाळी दिलं की दुपारी, याने फारसं बिघडत नाही. रिव्हरोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्यांचं तसं नाही. आयएनआर नॉर्मल आला तरी औषध अंगात असू शकतं. त्यांची पातळी त्या-त्या औषधासाठी बेतलेल्या अँटी-टेन-ए तपासणीने मोजतात. गोळीनंतर दोन-चार तासांनी औषधाची पातळी सगळ्यात जास्त, पुढच्या गोळीच्या तोंडावर सगळ्यात कमी. वेळच माहीत नसेल तर डॉक्टरांनी आकडा वाचायचा कसा? एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचंही तेच, टोचल्यावर साधारण 4 तासांनी रक्त घेतात. म्हणून रक्त गोळीआधी हवं की नंतर, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि वेळ लिहा. म्हातारी माणसं विचारलं की ‘जेवल्यावर’ म्हणतात, ते चालत नाही. 7.15 असं अंकात लिहा, काउंटरवरच्या कन्नड बोलणाऱ्या ताईंनाही ते लगेच कळतं. तपासणीसाठी म्हणून गोळी आपल्या मनाने चुकवू नका.

नळी निळ्या टोपणाची असते, 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट, म्हणजे नळीत रक्त गोठू न देणारं द्रव. रक्त खुणेपर्यंत आलंय का बघा. कमी भरली तर आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. कमी वाटली तर तिथल्या तिथे बोला, संकोच नको. गावातच रक्त काढून बेळगावला पाठवत असतील तर पीटीचा नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणावं.

पालेभाज्यांनी वॉरफरिन-ॲसिट्रॉमचा परिणाम बदलतो, म्हणून मेथी-पालक नेहमीइतकीच खा, एकदम बंद नको. नवीन अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, काढा, सगळं सांगा. लॅब शक्यतो तीच ठेवा. रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, वेळेचा कागद सोबत जोडून. हिरड्यांतून रक्त थांबत नसेल किंवा शौच काळी होत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.