डबल बास स्टेजवर घुमू नये म्हणून: पिकअपपासून साउंडचेकपर्यंत

बँडबरोबर डबल बास (उभं धरून वाजवायचं, व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं खर्जाचं वाद्य) वाजवणाऱ्याच्या दोनच तक्रारी असतात. एक तर स्वतःचा सूर ऐकू येत नाही, नाहीतर वाद्य नुसतं घुमतं. दोन्हींवर हात आपोआप अँपच्या ‘लो’ म्हणजे खर्जाच्या बटणाकडे जातो आणि तिथेच बिघडतं. ड्रम सुरू असताना सूर ओळखू येतो तो ५०० ते ८०० हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात. खालचा खर्ज वाढवला की सूर स्पष्ट होत नाही, फक्त घुमणं वाढतं. म्हणून पुढच्या सगळ्या तयारीचा रोख एकच: खाली कापायचं, मध्ये जागा करायची.

आधी वाद्य

फिंगरबोर्डच्या (तारा ज्यावर दाबतो त्या पट्टीच्या) टोकाशी तारेची उंची मोजा. पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) लावून बोटांनी वाजवायचं असेल तर सगळ्यात बारीक ‘जी’ तार ५ ते ६ मिलिमीटर आणि सगळ्यात जाड ‘ई’ तार ८ ते १० मिलिमीटर ही उंची सोयीची. यापेक्षा खूप खाली आणली तर जोरात वाजवताना तार बोर्डावर आपटते. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. एसी हॉलच्या कोरड्या हवेत उलटं होतं. त्यामुळे फिरणाऱ्या बँडच्या बासला ब्रिजच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीच्या) पायांत अ‍ॅडजस्टर चाकं असलेली बरी. चाकं फिरवण्याआधी तारा थोड्या सैल करा, दोन्ही बाजू सारख्याच फिरवा आणि शेवटी ब्रिज बाजूने पाहा. तारा ताणताना त्याचा माथा फिंगरबोर्डकडे झुकतो, तो वेळीच सरळ केला नाही तर एक दिवस ब्रिज आडवा होतो.

तारा बदलताना एका वेळी एकच काढा. आतला साउंडपोस्ट (वरच्या-खालच्या फळीमधली लाकडी काठी) चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो. चारही तारा एकदम काढल्या की तो पडू शकतो, आणि मग कारागिराशिवाय गत्यंतर नसतं.

पिकअप आणि प्रीअँप

ब्रिजवर बसणारे बहुतेक पिकअप पिएझो जातीचे, म्हणजे दाबातून वीज तयार करणारे असतात. त्यांची वायर थेट मिक्सरमध्ये खुपसली की आवाज पातळ आणि कर्कश येतो. दोष पिकअपचा नसतो. पिएझो विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर आहे, आणि समोरच्या इनपुटचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) कमी असेल तर ही जोडी खालचे सूर गाळून टाकते. उदाहरणार्थ, १ नॅनोफॅरडचा पिकअप १ मेगाओहमच्या इनपुटला जोडला तर १५९ हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. डबल बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, मोकळी जी ९८ हर्ट्झची. म्हणजे चारही तारांचे मूळ सूर त्या रेषेखाली गेले. इनपुट १० मेगाओहमचं असेल तर हीच रेषा १६ हर्ट्झवर येते. म्हणून पिएझोसाठी बनवलेला, शक्यतो १० मेगाओहमचा प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल सावरणारं छोटं यंत्र) घ्या. महागडा पिकअप घेण्याआधी हा खर्च करावा, फरक जास्त पडतो. पिकअपपासून प्रीअँपपर्यंतची केबल आखूड ठेवा. प्रीअँप बॅटरीवर चालत असेल तर जास्तीची ९ व्होल्टची बॅटरी बॅगेत हवीच. ती उतरली की आवाज फाटू लागतो.

खर्ज कापणं

प्रीअँपवर हाय-पास फिल्टर (ठरलेल्या रेषेखालचा खर्ज कापणारा) असावा, ही या लेखातली सगळ्यात ठाम शिफारस. ४० हर्ट्झपासून सुरुवात करा आणि ई तारेवर वाजवत हळूहळू वर जा. आवाज पातळ वाटू लागला की थोडं मागे या. बऱ्याच हॉलमध्ये हे ५० ते ७० हर्ट्झच्या आसपास थांबतं. ई तारेचा मूळ सूर थोडा कापला गेला तरी ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे स्वर शाबूत असतात आणि कान त्यांवरून खालचा सूर भरून घेतो. लोकांना ई ई म्हणूनच ऐकू येते.

मग घुमणारा सूर शोधा. वाद्य धरून उभे राहा, तारांवर हात ठेवू नका आणि आवाज सावकाश वाढवा. एका टप्प्यावर वाद्य आपणहून एक सूर धरेल. ट्यूनर पाहा. ‘ए’ हा स्वर दाखवला तर तो ५५ किंवा ११० हर्ट्झ. नॉच फिल्टरने तिथे अरुंद पट्टा ३ ते ६ डेसिबल उतरवा.

पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण, ज्याला काही अँपवर फेज म्हणतात, तेही त्याच आवाजात दोन्ही बाजूंना करून पाहा आणि जिथे घुमणं कमी तिथे ठेवा. ६० हर्ट्झची लहर जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते, त्यामुळे अँप फूटभर सरकवून फारसं काही होत नाही. या बटणाने होतं. अँप दोन-तीन मीटर हलवला तर मात्र चाचणी पुन्हा करा.

अँप भिंतीला किंवा कोपऱ्यात चिकटवू नका, खर्ज तिथे फुगतो. पोकळ लाकडी स्टेज असेल तर अँप स्टँडवर चढवा, कानाच्या जवळ येतो आणि फळ्या थरथरत नाहीत. स्पीकरचं तोंड बासच्या पोटाकडे नको. एवढं करूनही घुमत असेल तर एफ-होलमध्ये (वरच्या फळीतल्या f आकाराच्या भोकांत) फोमचे तुकडे बसवा.

साउंडचेक

साउंडवाल्याला डीआयची (सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या जोडणीची) लाइन द्या आणि डीआयवर पोस्ट (अँपच्या बदलांनंतरचा सिग्नल) नव्हे तर प्री (त्याआधीचा) निवडायला सांगा, म्हणजे अँपवर स्वतःसाठी केलेले बदल बाहेरच्या आवाजात जात नाहीत. हाय-पास मात्र प्रीअँपवर, डीआयच्या आधी असावा. हम (सततची गुणगुण) येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. एकट्याने वाजवून आवाज गोड लागला म्हणून थांबू नका. किक ड्रमबरोबर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजवून बघा. दोघं एकमेकांत मिसळत असतील तर तुमचा आवाज न वाढवता मिड २-३ डेसिबल चढवा.

त्याच कार्यक्रमात बास गिटार

दोन वाद्यांना दोन चॅनेल हवेत. एकाच चॅनेलवर वायर बदलत बसलात तर प्रत्येक वेळी फट्ट आवाज येईल आणि ईक्यूही (खर्ज-मिड-ट्रेबलची जुळवणी) चुकीचा लागेल. बास गिटारच्या मॅग्नेटिक पिकअपला १ मेगाओहम पुरतं, आणि तिचा हाय-पास ३० हर्ट्झला ठेवला तरी चालतो. पातळी जुळवताना दोन्हींवर एकच ओळ वाजवा. बास गिटारचा सूर जास्त लांबतो, त्यामुळे मीटरवर सारखी असूनही ती मोठी वाटते. कानावर विश्वास ठेवून ती किंचित खाली घ्या.

डाव्या हाताचंही पाहा. डबल बासची तार साधारण १०५ सेंटिमीटर, बास गिटारची ८६. पहिल्या पाच फ्रेट्सवर बास गिटारही डबल बासच्या पहिली-दुसरी-चौथी या बोटांनी वाजवली तर वाद्य बदलताना हाताला सवय मोडावी लागत नाही.

जे वाद्य हातात नाही त्याचा चॅनेल म्यूट करा. स्टँडवर ठेवलेला डबल बास ड्रमच्या आवाजाने हलतो आणि कोणी हात न लावता घुमू लागतो.