लूप चालू असताना मॅपमधली नोंद काढताय? या चुका टाळा

काम नेहमीचं असतं. मॅपमध्ये, म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या साठ्यात, सेशन आयडी ही की आणि शेवटच्या वापराची वेळ ही व्हॅल्यू आहे. ३० मिनिटांहून जुनी सेशन काढायची आहेत. लूप लावला, अट तपासली, जिथे जुळली तिथे नोंद काढून टाकली. पाच नोंदींवर टेस्ट केली तेव्हा सगळं ठीक चाललं. खऱ्या डेटावर मात्र प्रोग्राम मध्येच कोसळतो. कधी तर कोसळतही नाही आणि काही जुनी सेशन गुपचूप मागे राहतात. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण चूक झाल्याचं कोणी सांगतच नाही.

इटरेटर, म्हणजे लूपमध्ये एकेका नोंदीवरून पुढे सरकणारा, मॅपची प्रत काढून तिच्यावर चालत नसतो. तो मॅपच्या आतल्या रचनेत एका जागी बोट ठेवून उभा असतो आणि पुढची नोंद कुठे आहे हे त्या जागेवरूनच ठरवतो. म्हणून दोन प्रकारचे बदल वेगळे ओळखायला हवेत. असलेल्या कीची व्हॅल्यू बदलली तर रचनेला धक्का लागत नाही, आणि ते बहुतेक सगळीकडे चालतं. नवी की घातली किंवा असलेली काढली तर रचनाच बदलते. तिथे प्रत्येक भाषेचा नियम निराळा आहे, आणि एका भाषेची सवय दुसरीत नेली तर हमखास फसायला होतं.

सी++: इरेज केल्यावर तोच इटरेटर वापरणं

सर्वात जास्त दिसणारी चूक ही:

फॉर (ऑटो इट = मॅप.बिगिन(); इट!= मॅप.एंड(); ++इट)
  इफ (जुनं(इट)) मॅप.इरेज(इट);

इरेज झाल्याक्षणी त्या नोंदीची मेमरी मोकळी होते. त्यानंतर ++इट हे त्या मोकळ्या झालेल्या मेमरीतून पुढचा पत्ता वाचायला जातं. जुने बाइट अजून तिथेच पडलेले असतील तर लूप बिनबोभाट चालतो. टेस्ट पास होते ती यामुळेच. दुरुस्ती करताना फॉरच्या कंसातला तिसरा भाग रिकामा ठेवायचा:

फॉर (ऑटो इट = मॅप.बिगिन(); इट!= मॅप.एंड(); )
  इफ (जुनं(इट)) इट = मॅप.इरेज(इट);
  एल्स ++इट;

सी++११ पासून इरेज पुढच्या नोंदीचा इटरेटर परत देतं, तोच धरून पुढे जायचं. इथे आणखी एक चूक होते: इरेजने परत दिलेला इटरेटर इटमध्ये घेतला जातो, पण कंसातलं ++इट काढायचं राहून जातं. मग काढलेल्या नोंदीच्या लगेच पुढची नोंद न तपासताच ओलांडली जाते. लागोपाठ दोन सेशन जुनी असतील तर दुसरं तसंच मागे राहतं. शेवटची नोंद काढली असेल तर इट आधीच एंडवर असतो, आणि एंडच्याही पुढे जाणं म्हणजे अपरिभाषित वर्तन, काहीही होऊ शकतं.

जुन्या कोडमध्ये मॅप.इरेज(इट++) दिसेल. मॅपसाठी ते बरोबर आहे, कारण इट आधी पुढे सरकतो, मगच जुनी नोंद जाते आणि बाकीच्या इटरेटरना काही होत नाही. व्हेक्टरवर हीच ओळ चालवू नका. तिथे काढलेल्या जागेपासून पुढचे सगळे इटरेटर बाद होतात. कंपायलर नवा असेल तर सी++२० मधलं इरेज_इफ वापरा. अट लॅम्डात (जागेवरच लिहिलेल्या बिननावी फंक्शनमध्ये) द्यायची, लूप लिहायचाच नाही.

अनऑर्डर्ड मॅपमध्ये (कीजचा क्रम न राखणाऱ्या मॅपमध्ये) काढण्याचा नियम तोच, पण नोंद घालण्याने मोठा फरक पडतो. लोड फॅक्टर (दर कप्प्यामागे सरासरी किती नोंदी) ठरलेल्या मर्यादेच्या, म्हणजे मुळात १.० च्या पुढे गेला तर रिहॅश होतं, म्हणजे नोंदींची कप्प्यांत नव्याने मांडणी होते, आणि सगळेच इटरेटर बाद होतात. नोंदींचे पॉइंटर आणि रेफरन्स मात्र टिकतात. आधीच रिझर्व्ह करून ठेवलं तर रिहॅश टळेल, पण नवी नोंद चालू लूपमध्ये भेटेल का याची खात्री तरीही नाही.

आपण नोंद घालतोय हे कळतही नाही अशी एक जागा आहे: चौकोनी कंस. मॅप[की] असं नुसतं वाचायला लिहिलं आणि ती की नसेल, तर डीफॉल्ट व्हॅल्यूसह नवी नोंद तयार होते. लूपच्या आत हे घडलं तर मॅप वाढत जातो आणि अनऑर्डर्ड असेल तर रिहॅशही होऊ शकतं. वाचण्यासाठी फाइंड, ॲट किंवा सी++२० मधलं कंटेन्स वापरा.

व्हॅल्यू बदलूनही मॅप जसाच्या तसा राहत असेल तर & विसरला आहात का ते पाहा. फॉर (ऑटो [की, व्हॅल्यू] : मॅप) मध्ये हातात येते ती प्रत; ऑटो& लिहिलं तरच मूळ व्हॅल्यू बदलते. आणि ऑटोऐवजी जोडीचा प्रकार हाताने लिहिणार असाल तर की कॉन्स्ट असते हे लक्षात ठेवा. कॉन्स्ट पेअर<स्ट्रिंग, इंट>& लिहिलं तर खरा प्रकार पेअर<कॉन्स्ट स्ट्रिंग, इंट> असल्यामुळे प्रत्येक फेरीत गुपचूप एक प्रत बनते.

कीच बदलायची असेल तर सी++१७ चं एक्स्ट्रॅक्ट आहे: नोंद बाहेर काढा, की बदला, परत घाला. पण ते लूपच्या आत करू नका. नवी की क्रमाने पुढे पडली तर तीच नोंद पुन्हा भेटेल आणि पुन्हा बदलेल.

जावा: अपवाद (एक्सेप्शन) येईलच असं धरून चालणं

हॅशमॅप आपल्यातले रचनाबदल मोजून ठेवतो आणि इटरेटर प्रत्येक नेक्स्टच्या वेळी तो आकडा ताडून पाहतो. जुळला नाही तर कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं. नावावर जाऊ नका. यासाठी दुसरा थ्रेड लागत नाही, लूपमधून मॅपचं रिमूव्ह बोलावणं पुरेसं आहे. मात्र शेवटच्या फेरीत नोंद काढली तर पुढे नेक्स्ट बोलावलंच जात नाही, म्हणून अपवादही येत नाही. एकच नोंद ठेवून केलेली टेस्ट इथे फसवते.

काढायचं तर इटरेटरचं स्वतःचं रिमूव्ह वापरा, आणि प्रत्येक नेक्स्टनंतर एकदाच. नेक्स्टच्या आधी किंवा लागोपाठ दोनदा बोलावलं तर इलीगल स्टेट एक्सेप्शन मिळेल. जावा ८ पासून एंट्रीसेटवर रिमूव्हइफ हा यापेक्षा सुटसुटीत मार्ग आहे. व्हॅल्यू बदलायला एंट्रीचं सेटव्हॅल्यू किंवा मॅपचं रिप्लेसऑल.

लिंक्ड हॅशमॅप ॲक्सेस ऑर्डरमध्ये बनवला असेल तर लूपमधलं साधं गेटसुद्धा अपवाद आणू शकतं, कारण गेटमुळे नोंद क्रमाच्या शेवटी जाते. अशा कॅशवर कीजऐवजी एंट्रींवरूनच फिरा.

पायथन

डिक्शनरीवर फिरताना की काढली तर डिक्शनरीचा आकार बदलल्याचा रनटाइम एरर येतो. पायथन ३ मध्ये कीज() लिस्ट देत नाही, जिवंत व्ह्यू देतं, म्हणजे डिक्शनरी बदलली की तोही बदलतो. म्हणून लिस्ट(डी) करून कीजची प्रत काढा आणि तिच्यावर फिरा. ही तपासणी मुख्यतः आकाराची असते. एकाच फेरीत एक की काढून दुसरी घातली तर आकार तोच राहतो आणि चूक दरवेळी पकडली जात नाही. कीजची नावं बदलायची असतील तर सरळ नवी डिक्शनरी बांधा.

इतर भाषा

गो मध्ये रेंज चालू असताना डिलीट करणं सुरक्षित आहे. घातलेली नवी नोंद त्याच लूपमध्ये भेटेल किंवा भेटणार नाही, आणि क्रमावर भिस्त ठेवता येत नाही. दुसरं गोरूटीन (गो मधलं समांतर चालणारं काम) त्याच वेळी लिहीत असेल तर प्रोग्राम थांबू शकतो. थांबला तर रिकव्हरने तो वाचवता येत नाही.

जावास्क्रिप्टच्या मॅपमध्ये काढणं चालतं, पण तीच की काढून पुन्हा सेट केली तर ती शेवटी जाऊन बसते आणि परत भेटते. प्रत्येक फेरीत असं केलं तर लूप कधीच संपत नाही. नुसतं सेट केलं तर की जागची हलत नाही.

चूक शोधताना

सी++ मध्ये ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू करून बिल्ड करा. मोकळी झालेली मेमरी वाचली जात असेल तर कोणत्या ओळीवर वाचली आणि ती कुठे मोकळी झाली, दोन्ही कळतं. ओलांडल्या गेलेल्या नोंदी मात्र त्यात दिसतीलच असं नाही. त्यासाठी हे पाच मॅप टेस्टमध्ये ठेवा: रिकामा, एकच नोंद असलेला, सगळ्या नोंदी काढायच्या असलेला, लागोपाठ दोन काढायच्या असलेला आणि फक्त शेवटची काढायची असलेला. अनऑर्डर्ड मॅपमध्ये लागोपाठ आणि शेवटची म्हणजे फिरण्याच्या क्रमाने. तो आधी छापून बघा आणि मग कीज निवडा.

भाषेचा नियम आठवत नसेल तर दोन फेऱ्या करा: पहिल्या फेरीत काढायच्या कीज एका लिस्टमध्ये गोळा करा, दुसऱ्या फेरीत त्या लिस्टवर फिरून मॅपमधून काढा. लिस्टपुरती जास्त मेमरी लागते. बहुतेक नोंदी जाणार असतील तर उलट करा, ठेवायच्या तेवढ्या नव्या मॅपमध्ये घ्या आणि जुना सोडून द्या.