एलसीडी कोरा दिसतोय? आधी मागचा स्क्रू फिरवा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला १६ बाय २ चा (१६ अक्षरं, २ ओळी) एलसीडी आर्डुइनोला जोडला, दिवा लागला, पण अक्षर एक नाही? लगेच कोड उकरत बसू नका. मागच्या आयटूसी पट्टीवर (दोन वायरींवरून आज्ञा घेणारी पट्टी) निळा चौकोनी ट्रिमपॉट, म्हणजे कॉन्ट्रास्ट कमीजास्त करणारा स्क्रू, असतो. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो सावकाश फिरवा. बहुतेकदा अक्षरं तिथेच दडलेली असतात.

वरच्या ओळीत नुसते गडद चौकोन आले, तर कॉन्ट्रास्ट ठीक आहे, आज्ञा पोचत नाहीयेत. मग पट्टीचा पत्ता, म्हणजे कोडमध्ये द्यायचा तिचा आयटूसी क्रमांक, बघा. पट्टीवरची चिप पीसीएफ८५७४टी असेल तर सहसा ०एक्स२७, ८५७४एटी असेल तर ०एक्स३एफ. "सगळे सारखेच असतात" हे काउंटरवरचं उत्तर सोडून द्या. आयटूसी स्कॅनरचा स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) चालवला की खरा पत्ता संगणकावरच्या सीरियल मॉनिटरच्या खिडकीत येतो. तिथेही पत्ता आलाच नाही तर वायरी तपासा: आर्डुइनो ऊनोवर एसडीए (डेटाची वायर) ए४ ला, एससीएल (क्लॉकची वायर) ए५ ला.

आणि हो, मराठीची हौस असेल तर स्वतःची चिन्हं एका वेळी ८ च बनवता येतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांचं. 'दादर' तीन चिन्हांत भागतं. फक्त पडद्यावरच्या दोन अक्षरघरांमधल्या फटीमुळे शिरोरेषा तुटते, त्याला इलाज नाही.