प्रत्येक शीत वेगळ्या चुलीवरचे: शहरातील प्रेमावरच्या अँथॉलॉजी चित्रपटाचे परीक्षण लिहिताना या चुका टाळा

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण अँथॉलॉजी चित्रपटापुढे, म्हणजे वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या छोट्या कथा एकत्र गुंफलेल्या चित्रपटापुढे, निरुपयोगी ठरते, कारण इथे प्रत्येक शीत वेगळ्या चुलीवर शिजलेले असते. ‘न्यू यॉर्क, आय लव्ह यू’ हा चित्रपट ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे स्वागत संमिश्र, किंबहुना थंडच झाले. शहरांतील प्रेमावरच्या त्याच मालिकेतला आधीचा चित्रपट, म्हणजे २००६ च्या कान महोत्सवात प्रथम दाखवला गेलेला पॅरिसवरचा ‘पारी, जे तेम’, मात्र समीक्षकांना बऱ्यापैकी आवडला होता. हा फरक का पडला, हे शोधण्यासाठी न्यू यॉर्कच्या चित्रपटावरची परीक्षणे ओळीने वाचली, तर एक गोष्ट लक्षात येते. अनेक परीक्षणांचा निष्कर्ष चुकीचा नाही, पण त्या निष्कर्षापर्यंत जाणारी वाट तीच ती आहे आणि तिच्यावरचे खड्डेही तेच ते आहेत. या प्रकारच्या चित्रपटावर लिहू पाहणाऱ्याने ते आधीच ओळखून ठेवलेले बरे.

‘काही कथा जमल्या आहेत, काही फसल्या आहेत’

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती चूक वाटत नाही म्हणून अधिक धोक्याची आहे. दहा दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या कोणत्याही चित्रपटाबद्दल हे वाक्य खरेच असणार, म्हणून ते त्या विशिष्ट चित्रपटाबद्दल काहीच सांगत नाही. १९८९ च्या ‘न्यू यॉर्क स्टोरीज’मध्ये तर तीनच भाग होते आणि दिग्दर्शक होते मार्टिन स्कॉर्सेसी, फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि वुडी ॲलन. तिथेही स्कॉर्सेसी यांच्या भागाची वाहवा झाली आणि कपोला यांच्या भागावर टीकेचा भडिमार झाला. तीन मातब्बर मंडळींनाही एका पातळीवर राहता आले नाही, तर दहा जणांकडून ती अपेक्षा धरणे आणि ती पूर्ण न झाल्याची बातमी देणे यात परीक्षणकाराचे कर्तृत्व ते काय?

उंचसखलपणा असणारच, हे गृहीत धरून विचारायचा प्रश्न पुढचा आहे. भाग एकमेकांशेजारी ठेवल्यामुळे प्रत्येक भागाचे काय झाले? न्यू यॉर्कच्या चित्रपटात याचे उत्तर देण्यासारखे बरेच आहे. त्यातल्या अनेक कथा शेवटच्या क्षणी मिळणाऱ्या कलाटणीवर उभ्या आहेत. आपण ज्यांना जे समजत होतो ते तसे नव्हते, असे कळते आणि कथा संपते. यातली कोणतीही एक कथा सुटी पाहिली तर ती चलाख आणि सुखद वाटते. परंतु तीच युक्ती दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा आली की प्रेक्षक पात्रांकडे पाहणे सोडून देतो आणि ‘यात गोम काय असेल’ एवढेच शोधू लागतो. हा दोष कोणा एका दिग्दर्शकाच्या माथी मारता येत नाही, कारण शेजाऱ्याच्या घरात काय शिजते आहे हे त्याच्या भागातून दिसतच नाही. हा निवडीचा आणि मांडणीचा दोष आहे आणि तो निर्मात्यांच्या खात्यावर टाकायला हवा. ‘काही जमल्या, काही फसल्या’ या वाक्यात मात्र तो कुठेच पकडला जात नाही.

पॅरिसशी तुलना, पण घाटाचा विचार न करता

दोन चित्रपटांची तुलना अटळ आहे आणि ती करण्यात काही गैर नाही. चूक होते ती ‘पॅरिसचा चांगला, न्यू यॉर्कचा फिका’ एवढ्यावर थांबण्यात. दोन्ही चित्रपटांची कल्पना एक असली तरी बांधणी वेगळी आहे.

पॅरिसच्या चित्रपटात अठरा लघुपट आहेत. शहराच्या वीस प्रशासकीय विभागांसाठी वीस लघुपट योजले होते, पण त्यांतले दोन अंतिम चित्रपटात आले नाहीत. जे राहिले त्यांतला प्रत्येक जेमतेम पाच-सहा मिनिटांचा आहे आणि सुरुवातीला ठिकाणाचे नाव पडद्यावर येते. त्यामुळे एखादा भाग कंटाळवाणा निघाला तरी तो लवकर संपतो, पुढचे नाव येते आणि प्रेक्षकाची पाटी कोरी होते. न्यू यॉर्कच्या चित्रपटाने ही नावे काढून टाकली. दहा दिग्दर्शकांच्या कथा एकमेकींत मिसळाव्यात म्हणून रँडी बाल्समेयर यांनी जोडदृश्ये दिग्दर्शित केली आणि शहरभर कॅमेरा घेऊन फिरणारी एक व्हिडिओ कलावंत त्यांच्यामधून फिरवली. उद्देश चांगला होता, कारण न्यू यॉर्कमध्ये अनोळखी माणसे एकमेकांना घासून जातात, हे दाखवायचे होते. पण परिणाम असा झाला की आधीची कथा संपली की नाही, हेच प्रेक्षकाला कळेना. एका कथेतले पात्र दुसरीत डोकावले की तो नात्यागोत्याचा धागा शोधू लागतो आणि तो धागा बहुधा कुठेच जात नाही. पॅरिसमध्ये फसलेल्या भागाचे नुकसान त्याच्या चौकटीतच राहते, न्यू यॉर्कमध्ये ते शेजारच्या कथेत झिरपते.

ज्या परीक्षणांत ‘गोंधळलेला’, ‘पसरट’ अशी विशेषणे आढळतात, तिथे लिहिणाऱ्याला बहुधा हेच जाणवलेले असते, पण कारण न शोधल्यामुळे ते विशेषण नुसतेच लटकत राहते. आपल्या मसुद्यात असे विशेषण आले, तर ते खोडू नये. ते कोणत्या दृश्याला, कोणत्या सांध्यावर मनात आले, हे आठवून लिहावे.

शहर दिसते की नाही

‘हे खरे न्यू यॉर्क नव्हे’ ही तक्रार या चित्रपटाबद्दल सर्रास झाली. तिच्यात तथ्य आहे, पण तिच्या पोटात दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या न केल्यास परीक्षण घसरते. पहिली तक्रार भूगोलाची आहे. न्यू यॉर्क पाच बरोंचे, म्हणजे पाच मोठ्या विभागांचे, शहर आहे, मात्र चित्रपट बहुतांशी मॅनहॅटनमध्ये आणि तिथल्याही सुस्थित लोकांत घुटमळतो. ही तक्रार करताना कोणता भाग कुठे घडतो, हे नेमके लिहावे. जोशुआ मार्स्टन यांचा भाग ब्रुकलिनच्या कोनी आयलंडला समुद्राकडे जातो, फतिह अकिन यांचा चायनाटाउनमध्ये घडतो, हे विसरून ‘सगळेच मॅनहॅटनच्या उच्चभ्रू वस्तीत’ असे लिहिले तर वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. कथा या शहराशिवाय उभी राहील का? मीरा नायर यांच्या भागात इरफान खान हा जैन हिरेव्यापारी आहे आणि नॅटली पोर्टमन ही लग्नाच्या उंबरठ्यावरची, हसिदी या सनातनी पंथातली ज्यू तरुणी. दोघे सौदा करता करता एकमेकांच्या व्रतांबद्दल आणि पथ्यांबद्दल बोलू लागतात. सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरच्या हिरेबाजारात हे दोन समाज रोज समोरासमोर बसतात, म्हणून ही भेट संभवते. शहर बदलून पाहण्याची कसोटी इथे लावली तर कथा बरीचशी याच शहराची ठरते, पण पूर्णपणे नाही, कारण बेल्जियममधल्या अँटवर्पलाही हेच दोन समाज हिऱ्यांच्या धंद्यात एकत्र आहेत! कसोटी कोणतीही असो, तिचा निकाल असा अर्धामुर्धा लागला तर तो तसाच लिहावा. रेस्टॉरंटबाहेर सिगरेट ओढत बोलणाऱ्या जोड्यांचा इव्हान अताल यांचा भाग मात्र कोणत्याही मोठ्या शहरात जसाच्या तसा नेता येतो. तो वाईट आहे असे नाही, किंबहुना संवादांच्या दृष्टीने तो चुरचुरीत आहे, पण शीर्षकातल्या शहराशी त्याचे देणेघेणे थोडे.

प्रेमाच्या बाबतीतही प्रेम म्हणजे स्त्री-पुरुषांचे आकर्षण, एवढेच धरून चालू नये. पॅरिसच्या चित्रपटाचा शेवटचा, अलेक्झांडर पेन यांचा भाग एका एकट्या अमेरिकन प्रवासी बाईचा आहे. तिच्या प्रेमात दुसरे माणूसच नाही, तरीही तोच भाग अनेकांच्या मनात राहिला.

कोणता चित्रपट पाहिला, कोणाचा पाहिला

तथ्यांच्या चुका या प्रकारात फार होतात. न्यू यॉर्कचा चित्रपट सप्टेंबर २००८ मध्ये टोरोंटो महोत्सवात दाखवला गेला तेव्हा त्यात स्कार्लेट जोहान्सन आणि आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव्ह यांचे भाग होते. पुढच्या वर्षी चित्रपटगृहांत आला तो चित्रपट या दोन भागांशिवाय. म्हणजे २००८ ची आणि २००९ ची परीक्षणे एकाच वस्तूबद्दल नाहीत, आणि त्यांतली मते एकत्र मिसळून ‘समीक्षकांचे म्हणणे असे’ लिहिणे अयोग्य आहे. या मालिकेतल्या बर्लिनच्या चित्रपटातूनही चीन सरकारचे टीकाकार असलेले चिनी कलावंत आय वेवे यांचा भाग २०१९ च्या प्रदर्शनापूर्वी वगळला गेला आणि त्यामागे चीनची धास्ती असल्याचे त्यांनी जाहीरपणे म्हटले.

श्रेयाचेही तसेच. शेखर कपूर यांच्या भागातले संथ, हॉटेलच्या खोलीतले गूढ वातावरण पाहून ‘ही खास कपूर यांची शैली’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो भाग लिहिला होता अँथनी मिंगेला यांनी. मार्च २००८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दिग्दर्शन कपूर यांच्याकडे आले. पॅरिसच्या चित्रपटातला टॉम टिकवर यांचा भागही चित्रपटाच्या बराच आधी, २००४ मध्ये, स्वतंत्र लघुपट म्हणून लोकांसमोर आला होता, त्यामुळे इतर भागांसारखी घाई त्यात कशी नाही, याचे कौतुक जपून करावे.

गुणांचा आकडा

परीक्षणे एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. किती परीक्षणे अनुकूल होती, याचे ते प्रमाण असते. मेटाक्रिटिक हे तशाच प्रकारचे संकेतस्थळ मात्र परीक्षणांना गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढते. साध्या चित्रपटाच्या बाबतीत या फरकाने फारसे बिघडत नाही. अँथॉलॉजीत बिघडते, कारण दहापैकी सहा कथा आवडलेला आणि चार मुळीच न आवडलेला परीक्षणकार शेवटी ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ यांपैकी एका रकान्यात ढकलला जातो आणि त्याच्या मताचा खरा आकार तिथेच हरवतो. सर्व कथा बेताच्या वाटलेल्या माणसाचे मतही त्याच रकान्यात पडू शकते.

मसुदा अडला असेल तर

परीक्षण यादीसारखे वाचले जात असेल, म्हणजे प्रत्येक परिच्छेद ‘त्यानंतरच्या कथेत’ अशा शब्दांनी सुरू होत असेल, तर सर्व भागांचा उल्लेख करण्याचा हट्ट सोडावा. तीन भाग निवडावेत, त्यांपैकी एक असा असावा की ज्याबद्दल आपले मत अजून पक्के झालेले नाही. आठ मिनिटांच्या कथेचा सारांश दोन ओळींतही कथा संपवून टाकतो, म्हणून प्रसंग सांगावा, शेवट सांगू नये. वर कलाटणीच्या कथांची नावे मी मुद्दामच दिलेली नाहीत.

टिपणे काढताना कथेला नाव नसेल तर ठिकाण आणि नट लिहून ठेवावेत. मी एकदा हे केले नव्हते आणि दोन दिवसांनी दोन वेगळ्या कथांमधले संवाद एकाच जोडप्याच्या तोंडी घालून मोकळा झालो होतो. मार्स्टन यांच्या भागासाठी मात्र टिपणाची गरज पडली नाही. चित्रपटाच्या अखेरीकडे एक वृद्ध जोडपे कुरबुरत, एकमेकांना पाय उचलून चालायला बजावत समुद्राकडे निघते. त्यातल्या नवऱ्याची भूमिका करणारे एली वॉलाक हे मूळचे ब्रुकलिनचेच आणि चित्रपट प्रथम दाखवला गेला तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते, तर बायकोची भूमिका करणाऱ्या क्लोरिस लीचमन ब्याऐंशीच्या. ज्यांना बाकीचा चित्रपट रुचला नाही, त्यांच्यापैकीही अनेकांनी या भागाची तारीफ केली. त्यात कलाटणी नाही, आणि चालण्याखेरीज फारसे काही घडतही नाही.